सहाय्यक श्वानांचे ‘हिरावलेले’ बालपण: एका फिरत्या मजकुराला उत्तर

अंध व्यक्तीला वाट दाखवणाऱ्या कुत्र्याचे छायाचित्र आणि त्याखाली हळहळणारा मजकूर असे काहीतरी सध्या बरेच फिरते आहे. मजकुराचा आशय असा, की या कुत्र्यांना जन्मताच आईपासून तोडतात, खेळायच्या वयात कामाला जुंपतात आणि परीक्षेत नापास झाली की टाकून देतात. यामागची कणव खरी असेलही, पण तपशील जवळजवळ सगळाच चुकीचा आहे.

आधी आईचा मुद्दा घेऊ. पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे आणि कान दोन्ही बंद असतात. डोळे साधारण दुसऱ्या आठवड्यात उघडतात आणि ऐकू येऊ लागते ते त्याच्याही थोडे नंतर. अशा जिवाला आईवेगळे करून कोणत्याही संस्थेच्या हाती काही लागणार नाही. प्रत्यक्षात ही पिल्ले 7 ते 8 आठवडे आई आणि भावंडांसोबत असतात, आणि दात जोरात लागला की समोरचे भावंड केकाटून खेळ सोडून देते, हा धडा त्यांना तिथेच मिळतो. आईच्या वागण्याला तर या क्षेत्रात इतके महत्त्व आहे, की अमेरिकेतील ‘द सीइंग आय’ या संस्थेतल्या 98 पिल्लांच्या आया त्यांना कशा पाजतात, किती चाटतात, किती वेळ जवळ बसतात याच्या बारकाईने नोंदी ठेवल्या गेल्या. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, आडवे पडून पाजणाऱ्या आईपेक्षा उभ्याने किंवा बसून पाजणाऱ्या, म्हणजे दुधासाठी पिल्लाला थोडी धडपड करायला लावणाऱ्या आईची पिल्ले पुढे अधिक प्रमाणात यशस्वी झालेली दिसली. हा केवळ आढळलेला संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. तरीही लाडावलेली पिल्ले मागे पडावीत, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

‘खेळायच्या वयात कामाला जुंपतात’ हे विधान तर वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. आठव्या आठवड्याच्या सुमारास पिल्लू बहुधा एखाद्या स्वयंसेवक कुटुंबात जाते आणि वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ तिथेच वाढते. या काळात ते शिकते काय, तर ठरलेल्या जागी शू-शी करणे, हाकेला येणे, पाहुण्यांच्या अंगावर न उडणे आणि थोडा वेळ एकटे शांत राहणे. तिसऱ्या ते साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचा मेंदू नव्या गोष्टी सहज स्वीकारतो, म्हणूनच लसीकरण पूर्ण झालेले नसले तरी त्याला कडेवर घेऊन वाहनांचे आवाज, गर्दी आणि आपोआप उघडणारी दारे दाखवली जातात. ते घाबरले तर त्याला लांब नेतात आणि खाऊ देतात, कारण ओढून-दटावून नेलेल्या पिल्लाच्या मनात भीती बसली, तर पुढे भर रस्त्यात माणसाला सांभाळण्याच्या कामी ते येणार नाही. एरवी ते दिवसाचा बहुतेक वेळ झोपलेलेच असते. वाट दाखवण्याचा मूठ असलेला पट्टा अंगावर चढतो तो वर्ष-दीड वर्षाचे झाल्यावर.

‘नापास’ कुत्र्यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. सांध्यांचा दोष, आवाजाची भीती, इतर प्राण्यांमागे धावण्याची ओढ अशा कारणांनी बरीच कुत्री या कामातून वगळली जातात; त्यांतली काही वासावरून शोध घेण्यासारख्या दुसऱ्या कामाला जातात, तर अनेक घरगुती कुत्री होतात आणि पुष्कळदा ज्या घरी वाढली तिथेच परततात.

आक्षेप घ्यायचाच असेल, तर या मजकुराने साफ विसरलेल्या एका गोष्टीवर घेता येईल. वर्षभर ज्या घराला आपले मानले ते सोडून कुत्र्याला प्रशिक्षण केंद्रात जावे लागते, आणि प्रशिक्षण संपले की पुन्हा नव्या माणसाकडे. ही ताटातूट खरी आहे आणि संस्थांनाही तिची जाणीव आहे. ब्रिटनमधील ‘गाइड डॉग्ज’ संस्थेची प्रशिक्षणातली अनेक कुत्री दिवसा केंद्रात शिकतात आणि संध्याकाळी एखाद्या स्वयंसेवकाच्या घरी झोपायला जातात.