‘पहिल्याच रात्री हजारो हल्ले, वर मलाच कुलूप’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या तीन तक्रारी आहेत. आमच्याकडून भाड्याने सर्व्हर घेतल्याच्या पहिल्याच रात्री लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, हजारो फसलेले लॉगिन दिसले. रविवारी तुमचाच सर्व्हर तुम्हाला आत घेईना. आणि सोमवारी आमच्याकडून उत्तर आलं, ‘हे नॉर्मल आहे.’

ते तीन शब्द माझेच. हा प्रश्न आम्हाला रोज येतो, पण तुमच्यावर ती रात्र पहिल्यांदाच आली होती. माफ करा.

आता हजारोंबद्दल. तुमची माहिती आमच्याकडून कुठेही फुटलेली नाही. इंटरनेटवरच्या मशीनना पत्ते देणारी जुनी पद्धत म्हणजे आयपीव्ही४, तिचे एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन काढलं, ते एका मशीनवरून हा सगळा पसारा पाऊण तासाच्या आत चाळू शकतं. तेव्हा २२ नंबरचं पोर्ट, म्हणजे दुरून लॉगिन करायचं नेहमीचं दार, उघडं असलेला नवा सर्व्हर शोधायला कुणाला तुमचं नाव ठाऊक असावं लागत नाही. लॉगमध्ये त्यांनी कुठली युजरनेमं वापरली ती बघा: रूट, अ‍ॅडमिन, ओरॅकल, पोस्टग्रेस, पाय. तुमच्याकडे ना ओरॅकलचा डेटाबेस, ना रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर. गल्लीतल्या प्रत्येक दाराची कडी हलवत जाणारा प्रोग्रॅम आहे तो. ‘परदेशातले पत्ते सरसकट बंद करा’ असं तुम्ही सुचवलंत, ते आम्ही करणार नाही. हे प्रयत्न भाड्याच्या सर्व्हरवरून येतात, लोकांच्या घरच्या हॅक झालेल्या कॅमेऱ्यांवरून आणि राउटरवरून येतात, आणि त्यात आपल्या देशातलेही असतात. पोर्ट बदललंत तर लॉग शांत होईल, झोपही लागेल. पासवर्ड कच्चा असेल तर तो कच्चाच राहील.

चूक झाली ती वेगळीकडेच, आणि ती आमची.

तुम्ही आमच्या सूचनांप्रमाणे एसएसएचची (दुरून लॉगिन घेणाऱ्या प्रोग्रॅमची) की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल, बनवलीत, त्याच्या सेटिंगच्या फाइलच्या तळाशी पासवर्डने लॉगिन बंद करणारी ‘पासवर्ड-ऑथेंटिकेशन नो’ ही ओळ लिहिलीत, सर्व्हिस रीस्टार्ट केलीत. सगळं बरोबर. मग रविवारी दुसऱ्या लॅपटॉपवरून, जिथे की नव्हती, सर्व्हरने पासवर्ड विचारलाच कसा? एसएसएच एखाद्या सेटिंगची पहिली सापडलेली ओळ धरतं, नंतरच्या सोडून देतं. तुमच्या सर्व्हरवरच्या उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एसएसएचच्या मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच शेजारच्या फोल्डरमधल्या फाइली वाचायचा हुकूम असतो, आणि आमच्या इमेजमध्ये, म्हणजे नवा सर्व्हर ज्यावरून बनतो त्या तयार साच्यात, तिथे ‘५०-क्लाउड-इनिट’ नावाची फाइल ‘यस’ घेऊन बसली होती. तुमचं ‘नो’ कुणी वाचलंच नाही. तुम्ही कुलूप आठवणीने लावलंत, कडी आम्ही आतून काढून ठेवली होती. तुमच्या तक्रारीमुळेच हे आमच्या लक्षात आलं.

त्याच लॅपटॉपवरून पाच वेळा पासवर्ड चुकला आणि फेलटूबॅनने, म्हणजे वारंवार चुकणाऱ्यांना अडवणाऱ्या प्रोग्रॅमने, तुमच्या घरचा इंटरनेट पत्ता अडवला. त्याला तुम्ही आणि तो प्रोग्रॅम सारखेच. त्याची मूळ बंदी दहा मिनिटांची असते. आम्ही शहाणपणा करून ती २४ तासांवर नेली होती. डॅशबोर्डवरच्या कन्सोलमधून, म्हणजे एसएसएचशिवाय थेट सर्व्हरवर नेणाऱ्या खिडकीतून, ही बंदी उठवता येते, पण ते आमच्या सूचनांमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता पहिल्याच पानावर आहे.

इमेज दुरुस्त केली, बंदी एका तासावर आणली, आणि तुमचे या महिन्याचे पैसे परत पाठवले आहेत. मात्र जुन्या सर्व्हरवरची ती फाइल तुम्हालाच बदलावी लागेल, कारण ग्राहकांच्या मशीनमध्ये आम्ही शिरत नाही. ‘यस’चं ‘नो’ करा, सर्व्हिस रीस्टार्ट करा, मग सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने आज्ञा चालवणारा शब्द) लावून ‘एसएसएचडी’ला कॅपिटल ‘टी’चा पर्याय देऊन चालवा: sudo sshd -T. प्रत्यक्षात लागू असलेली सेटिंग तिथे दिसतात, फाइलमध्ये काय लिहिलंय त्यावर विसंबू नका. हे करताना एक टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) लॉगिन अवस्थेत उघडं ठेवा, आणि दुसऱ्या खिडकीतून की वापरून आत जाता आलं की मगच ते बंद करा.