‘फोटो पाहून ज्योतिष’ : निरीक्षक यांना उत्तर

निरीक्षक, (खरं नाव दिलं असतंत तर नावानेच हाक मारली असती.)

नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पायथ्याशी आषाढात दिसलेल्या कवटीवाल्या (पाठीवर कवटीसारखी नक्षी असलेल्या) पतंगावर मी पोस्ट लिहिली, तो ‘लॅकेसिस’ प्रजातीचा आणि दुर्मिळ आहे असं म्हटलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं: जननेंद्रियं तपासल्याशिवाय प्रजाती सांगणं म्हणजे फोटो पाहून ज्योतिष सांगणं. मागचे पंख फोटोत दिसत नाहीत. एकाच पतंगावरून ‘दुर्मिळ’ म्हणणं धाडसाचं. पंखविस्ताराचा आकडा चुकलाय. आणि शेवटी, ‘हौशी मंडळींनी एवढी तरी शिस्त पाळावी.’

आकड्याचं मान्य. पुढचा एक पंख ५६ मिलिमीटर भरला, त्याची मी दुप्पट करून पंखविस्तार लिहिला, मधली छाती धरलीच नाही. पोस्टमध्ये दुरुस्ती केली आहे. चूक ती चूक.

पण ज्योतिष? हा शब्द दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. मी सातपूरला टूलरूममध्ये २२ वर्षं काढली. हातात व्हर्नियर घेतल्याशिवाय माप बोलायचं नाही, ही सवय तिथली. ग्रहताऱ्यांवर बोलणारा माणूस मी नव्हे.

जननेंद्रियांची तपासणी काय असते ते मला माहीत आहे. मेलेल्या पतंगाचं उदर सोडवून कॉस्टिक पोटॅशच्या १० टक्के द्रावणात ठेवायचं, मऊ भाग विरघळला की बारीक ब्रशने साफ करायचं आणि उरलेले कडक भाग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. करड्या-भुरक्या, नखाएवढ्या पतंगांमध्ये कित्येकदा त्याला पर्याय नसतो. असे कितीतरी माझ्या वहीत ‘प्रजाती अनिश्चित’ म्हणून पडून आहेत, त्यांच्यावर मी कधी पोस्ट लिहिली का?

कवटीवाल्या पतंगांचं तसं नाही. त्यांच्या गटाचं शास्त्रीय नाव ॲकरॉन्शिया, आणि आपल्याकडे त्याच्या दोनच प्रजाती, स्टिक्स आणि लॅकेसिस. कवटी दोघांच्याही छातीच्या पाठीकडच्या बाजूवर असते, तिच्यावरून काहीच ठरत नाही. ठरतं मागच्या पंखावर. स्टिक्सचा मागचा पंख मुळापर्यंत पिवळा, त्यावर दोन काळे पट्टे. लॅकेसिसमध्ये मुळाशीच मोठा काळा डाग. स्टिक्स मी हाताळलेत. कारखान्याच्या गेटवरच्या दिव्याखाली सकाळी मेलेले सापडायचे, ते मी साबणाच्या डबीत कापूस घालून घरी आणायचो. पंख अलगद उलटा केला की मागच्या पंखाच्या मुळाशी एकच ताठ राठ केस दिसला तर नर, केसांचा झुबका दिसला तर मादी. बोटांना लागलेली पिवळी भुकटी जेवणाआधी साबणाने धुवावी लागायची. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

त्या रात्री, पतंग यावेत म्हणून दिव्यापाशी लावलेल्या पडद्यावर बसलेल्या पतंगाला मी गवताच्या काडीने हलकंच डिवचलं. तो अंग उचलून ‘चीं’ करून ओरडला (हे पतंग सोंडेतून हवा सोडून खरंच आवाज करतात), पुढचे पंख वर झाले आणि खालचा काळा डाग मी वीतभर अंतरावरून पाहिला. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात काडी, कॅमेरा पिशवीत. म्हणून फोटो नाही. डोळ्यांनी पाहिलेलं वहीत वेळेसकट लिहिलेलं आहे. यापुढे तुम्हाला काय हवं? तो पतंग मारून पोटॅशमध्ये टाकायला हवा होता का?

आता ‘हौशी’. हॉकमॉथांवरचा (कवटीवाले पतंग याच कुळातले) १९३७ चा ग्रंथ बेल आणि स्कॉट यांचा. बेल कारवारकडे वनखात्यात नोकरीला होते, स्कॉट लष्करात. कीटकशास्त्र हा दोघांचाही पेशा नव्हता. बेल घरी सुरवंट पाळून त्यांचे पतंग होईपर्यंत नोंदी ठेवायचे. त्या कामाला हौस म्हणायचं असेल तर मला तो शब्द चालतो. तुमच्या वाक्यात तो ज्या अर्थाने आलाय, त्या अर्थाने चालत नाही. पूर्वी एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी माझी पेटी ‘बघतो’ म्हणून ठेवून घेतली. सात वर्षांचे नमुने त्यात होते. ती परत आली नाही, विचारायला गेलो तर ‘कुठली पेटी?’ असं उत्तर मिळालं. तेव्हा शिस्तीचा धडा मला कुणी देऊ नये.

‘दुर्मिळ’बद्दल वाद घालत नाही. स्टिक्स मला दर पावसाळ्यात दिसतात, लॅकेसिस आजवर हा एकच. माझ्यापुरता तो दुर्मिळच.

श्रावणी अमावस्येला त्याच जागी पुन्हा पडदा लावणार आहे. यायचं असेल तर जरूर या, त्र्यंबक रोडवरून तुम्हाला मीच घेऊन जाईन. फक्त येण्याआधी तो ‘ज्योतिष’ शब्द मागे घ्या.