मनगटावरची ‘आई’ आणि पूर्ण बाहीचा कोट

अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याच्या एका खासगी दवाखान्यात माझ्या भाचीला नर्सची नोकरी लागली, पण एका अटीवर: मनगटावर गोंदलेलं ‘आई’ दिसता कामा नये. पूर्ण बाहीचा कोट घालायचा, नाहीतर पट्टी बांधायची. त्याच सुमारास गावातला एक मुलगा केंद्रीय दलाच्या भरतीत मेडिकलला बाद झाला, कारण त्याच्या उजव्या हातावर त्रिशूळ आहे. दोन्ही बातम्या आमच्या घरच्या ग्रुपवर पाठोपाठ आल्या आणि निकाल एकच लागला: ‘आजकालचे पोट्टे बिघडले बाप्पा.’

मी न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनला नर्स आहे. या दोन गोष्टी एका मापानं मोजणं मला मान्य नाही.

मुलाचं आधी सांगते. केंद्रीय सशस्त्र दलांचा नियम लेखी आहे. गोंदण चालतं ते डाव्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागे, आणि हाताच्या त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी जागेत. धार्मिक चिन्हं आणि नावं चालतात. उजवा हात सलामीचा, म्हणून तो मोकळा हवा. सैन्याच्या नियमात तर आदिवासींच्या पारंपरिक गोंदणाला वेगळी सूटही आहे. नियम कडक आहे, पण तो जाहिरातीसोबत छापून येतो. पहाटे पाचला रस्त्यावर पोरं पळवणाऱ्या अकादम्यांनी तो पहिल्याच दिवशी सांगायला हवा. फी घेतात, धावायला लावतात आणि हे सांगत नाहीत, याचा मला राग आहे.

दवाखान्याचं प्रकरण निराळं आहे. तिथे कागदावर काहीच नाही. मॅडम म्हणाल्या, एवढंच. कारण विचारलं तर ‘पेशंटचे नातेवाईक काय म्हणतील?’

इथे हॅमिल्टनला रुग्णाला हात लावताना माझे हात कोपरापासून खाली उघडेच असतात. घड्याळ नाही, बांगडी नाही, लांब बाही तर नाहीच. लांब बाहीची कड एका खाटेवरच्या चादरीला लागते, मग दुसऱ्याच्या जखमेला, आणि ती घातलेली असली की मनगटापर्यंत हात धुताच येत नाहीत. पट्टी तर दिवसभर ओली राहते. जंतुसंसर्ग रोखण्याचा हा अगदी प्राथमिक धडा, भाचीनंही जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, शिकलेला. म्हणजे परतवाड्याच्या दवाखान्यानं दोन अक्षरं झाकायला स्वच्छतेचा नियम मोडायला सांगितला. माझ्या वॉर्डात हात उघडे असल्यामुळे सगळ्यांचंच गोंदण दिसतं. फर्न आहेत, मुलांची नावं आहेत, कुणाच्या कोपरापर्यंत माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांची, नक्षी आहे. औषध देताना रुग्ण त्याच्याबद्दल विचारतात, गप्पा होतात, सुईची भीती जरा कमी होते.

आणि नातेवाईक म्हणजे कोण? परतवाड्याच्या दवाखान्यात मेळघाटातून कोरकू आदिवासी बाया येतात. त्यांच्या कपाळावर, हातांवर गोंदण असतं. चांदूर बाजार, अचलपूरकडच्या आमच्या म्हाताऱ्यांच्या हनुवटीवर हिरवे ठिपके आहेत. माझ्या आजीच्या दोन्ही हातांवर तुळशीवृंदावन होतं. ती म्हणायची, ‘मेल्यावर सोनंनाणं सारं इथंच राहते, गोंदन तेवढं संगं येते.’ या बाया ‘आई’ हे नाव पाहून बिचकतील? मला वाटतं, नातेवाइकांचं नाव पुढे करून दवाखाना आपलीच लाज झाकतो. गोंदण म्हणजे खेडवळ, हे आमच्या आयांच्या पिढीनं शाळेत ऐकलं आणि हात पुढे करणं सोडलं. आता तीच लाज मशीननं काढलेल्या नावाच्या वाट्याला आली आहे.

न्यूझीलंड पहिल्यापासून असं नव्हतं, हेही सांगायला हवं. 2013 मध्ये एअर न्यूझीलंडनं एका माओरी बाईला हातावरच्या गोंदणामुळे हवाई सेविकेची नोकरी नाकारली होती. तीच कंपनी आपल्या विमानांवर कोरू हे फर्नच्या गुंडाळलेल्या कोंबाचं माओरी चिन्ह मिरवत होती. लोकांनी हे सुनावलं, सुनावत राहिले, आणि 1 सप्टेंबर 2019 पासून कंपनीनं दिसणाऱ्या गोंदणाला परवानगी दिली. नानाया माहुता यांनी 2016 मध्ये खासदार असताना हनुवटीवर मोको काउआए हे माओरी बायकांचं गोंदण करून घेतलं आणि 2020 मध्ये त्या परराष्ट्रमंत्री झाल्या. वंश आणि कुळ सांगणारं हे गोंदण घेऊन त्या जगभर देशाच्या वतीनं बोलल्या. त्यांचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आजीची हनुवटी आठवली आणि रडू आलं. अशी हनुवटी घेऊन आमच्याकडची कुणी बाई पंचायत समितीत गेली, तर शिपाई तिला आधी बाहेर बसवतो.

इथेही सगळं चालत नाही. टोळीची खूण चेहऱ्यावर असलेल्या माणसाला काम मिळणं अवघड जातं, आणि द्वेषाचं चित्र कुठलाच दवाखाना खपवून घेत नाही. तेही योग्यच आहे. काय काढलंय ते बघा, दिसतंय एवढ्यावरून ठरवू नका, इतकंच माझं म्हणणं.

काळजी करायचीच असेल तर आमच्याकडच्या बहिरमच्या यात्रेत करा. डिसेंबर-जानेवारीत तिथे भर धुळीत हातावर नाव काढून घेतात. सुई बदलली का, शाई नवी उघडली का, कुणी पाहत नाही. कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही अशा सुईतून पसरू शकतात. गोंदल्यावर आपल्याकडे 12 महिने रक्तदान करता येत नाही, आणि विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या लेकरांना रक्त लागतच असतं. ग्रुपवर तासभर संस्कारांवर चर्चा झाली, सुईबद्दल एकानंही विचारलं नाही.

भाचीला मी म्हटलं, कोट घालू नको, नियम लेखी माग. ती म्हणाली, ‘मावशी, तू तिकून सांगतं, मॅडमसमोर मले उभं राहा लागते.’ तिचं बरोबर आहे. पगार तिला हवा आहे, भांडण नको. म्हणून मागणी तिच्याऐवजी मी करते, आमच्या तालुक्यातल्या दवाखान्यांच्या मालकांकडे: गोंदणाचा नियम असेल तर तो लिहून ड्युटी रूममध्ये लावा, खाली सही करा, आणि शेजारी हात धुण्याची पद्धत लावा. दोन्ही कागद एकाच बाईला एकाच वेळी पाळता येतात का, ते तुम्हीच वाचून बघा.