आरव्ही शोला जाताय? सोफ्यावर बसण्याआधी पिवळं स्टिकर वाचा

आरव्ही म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेलं चाकांवरचं घर. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीचा आरव्ही शो सप्टेंबरमध्ये असतो, फ्लोरिडातल्या टॅम्पाचा जानेवारीत. हे महिने जवळ आले की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच, "शोला चाललोय, काय काय बघू?" फोनवर घाईघाईत सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझं मत आधीच सांगते. शोमध्ये गाड्या पोटभर बघा, पण तिथल्या तिथे सही करू नका. हर्शीला हजाराहून जास्त आरव्ही एकाच आवारात उभ्या असतात. तुलना करायला याहून चांगली संधी नाही. पण दुपारनंतर पाय बोलायला लागतात, सगळी किचन सारखीच दिसायला लागतात, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी सांगतं, "ही किंमत फक्त शोपुरती." अशा वेळी १५-२० वर्षांच्या कर्जावर सही करणं मला अजिबात पटत नाही. कर्ज संथपणे फिटतं, गाडीची किंमत मात्र पहिल्या काही वर्षांतच झपाट्याने उतरते.

आत शिरल्यावर बहुतेकांची नजर सोफा, टीव्ही, फायरप्लेसकडे जाते. तुम्ही आधी दाराशी थांबा. ट्रेलरच्या, म्हणजे ट्रकमागे जोडून ओढायच्या आरव्हीच्या, दाराजवळ एक पिवळं स्टिकर असतं. आत जास्तीत जास्त किती वजनाचं सामान भरता येईल, ते त्यावर पौंडांत लिहिलेलं असतं, आणि टाकीतलं पाणीही त्या सामानातच धरायचं. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचं. म्हणजे ५० गॅलनची टाकी भरली की ४१५ पौंड तिथेच गेले. स्टिकरवर १,००० पौंड असतील तर भांडीकुंडी, अंथरुणं, कपडे, खुर्च्या, हत्यारं, किराणा, सगळं उरलेल्या ५८५ पौंडांत बसवायचं. मोटरहोम, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेली आरव्ही, असेल तर तिथल्या आकड्यात माणसांचं वजनही येतं. कपाटं ढीगभर आणि भरायला परवानगी जेमतेम, अशा गाड्या शोमध्ये पैशाला पासरी दिसतात.

ट्रेलर घेणाऱ्यांनी आणखी एक हिशेब घरूनच करून निघावं. "आमचा ट्रक ९,००० पौंड ओढतो" एवढ्यावर विक्रेता खूश होतो, तुम्ही होऊ नका. ओढायची ताकद शिल्लक असतानाही ट्रकचा पेलोड, म्हणजे खुद्द ट्रकवर लादता येणारं वजन, संपलेला असू शकतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर तो आकडा असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. भरलेला ट्रेलर ७,००० पौंडांचा असेल तर त्यातले १० ते १५ टक्के, म्हणजे ७०० ते १,०५० पौंड, हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या कडीवर, येतात आणि पेलोडमधून जातात. पेलोड १,५०० असेल तर उरलेल्यात हिच, घरातली सगळी माणसं आणि मागे टाकलेलं सामान. फिफ्थ व्हीलचा, म्हणजे ट्रकच्या मागच्या हौद्यात जोडायच्या मोठ्या ट्रेलरचा, भार तर याहून जास्त.

शोमध्ये सगळ्या स्लाइड, म्हणजे गाडी उभी असताना बाहेर सरकवायचे खोलीचे भाग, बाहेर काढलेल्या असतात, म्हणून गाडी ऐसपैस वाटते. एखादी स्लाइड आत घ्यायला सांगा. मी पाहिलेल्या एका गाडीत किचनचा ओटा फ्रिजच्या दारापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला. हायवेवर थांबून मुलाला दूध द्यायचं तर आधी अख्खी स्लाइड बाहेर काढायची! बाथरूमपर्यंत पोचता येतं का, तेही तेव्हाच बघा. विक्रेता तयार नसेल तर मेजर टेप काढा आणि मोजा.

मग त्या गाडीत थोडा वेळ राहून बघा. दोघांनी एकदम पलंगावर आडवं व्हा, आणि भिंतीकडच्याने रात्री उठायचं कसं ते खरंच करून पाहा. टॉयलेटचं दार लावून बसा. शॉवरमध्ये उभं राहून केसांना शाम्पू लावतो तसे हात वर करा. कांदा चिरायला फळी कुठे ठेवणार? भारतातून आई-बाबा येणार असतील तर पायऱ्या आणि पलंगाची उंची त्यांच्या गुडघ्यांच्या हिशेबाने बघा. यात लाजण्यासारखं काही नाही, पैसे तुमचे आहेत.

बाहेरून भिंतीवर फुगवटा आहे का, हात फिरवून बघा. टायरवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. ३२२४ म्हणजे टायर २०२४ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला.

किंमत विचारताना सगळं धरून अंतिम आकडा लेखी मागा. फ्रेट (गाडी डीलरपर्यंत आणायचा खर्च), प्रेप (ती तयार करून द्यायचा खर्च), कागदपत्रांची फी नंतर हळूच जोडली जाते. तो कागद घेऊन घराजवळच्या डीलरकडे जा. वॉरंटीचं काम निघालं की बरेच डीलर स्वतःच्या ग्राहकाला आधी घेतात. तीनशे मैलांवरून आणलेली गाडी मग ऐन उन्हाळ्यात दुसऱ्याच्या यार्डात अडकून पडते. बऱ्याच राज्यांत लेमन लॉ, म्हणजे सदोष गाडी घेतलेल्या ग्राहकाला संरक्षण देणारा कायदा, मोटरहोमच्या राहायच्या भागाला लागू होत नाही, त्यामुळे ताबा घेण्याआधी स्वतंत्र इन्स्पेक्टरकडून तपासणीची अट करारात घालून घ्या. डिपॉझिट परत मिळणार असेल तर तेही लेखीच.

जमल्यास कामाच्या दिवशी सकाळी जा, गर्दी कमी असते आणि विक्रेत्याला बोलायला वेळ असतो. प्रत्येक गाडीत शिरताना पहिला फोटो मॉडेलच्या पाटीचा, दुसरा पिवळ्या स्टिकरचा, मग आतले. नाहीतर रात्री फोटो चाळताना कोणतं किचन कोणत्या गाडीतलं, हेच कळत नाही.