लॅमार्कचा जिराफ आणि आमचा फणस

परवा फणसाची कलमं आणायला रोपवाटिकेत गेले होते. प्रत्येक वाफ्यापुढे पाटी, वर मराठी नाव, खाली शास्त्रीय. फणसाच्या पाटीवर होतं आर्टोकार्पस हेटेरोफायलस लॅम. सोबत भाची होती, तिने विचारलं, "मावशी, हे शेवटचं लॅम म्हणजे काय गं?" म्हटलं, लॅमार्क. त्याने हे नाव दिलंय. तर ती म्हणते, "तो जिराफवाला?"

हो, तोच. उंच पाला खायला मान ताणून ताणून जिराफाची मान पिढ्यान्‌पिढ्या लांबली, असं म्हणणारा फ्रेंच शास्त्रज्ञ म्हणून तो शाळेत भेटतो. घरी येईपर्यंत मला माझीच लाज वाटत राहिली, कारण पोरांच्या डोक्यात तो जिराफ घालणाऱ्यांत मीही आहे. सव्वीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. उत्क्रांतीचा धडा आला की लॅमार्क म्हणजे हमखास हशा. "पिढ्यान्‌पिढ्या आपण पोरांचे कान टोचतोय, एक तरी बाळ भोकं घेऊन जन्माला आलं का?" वर्ग खिदळायचा. मी फळ्यावर तीन जिराफ काढायचे, त्यांच्यावर फुली मारायचे आणि डार्विनकडे वळायचे. वीस मिनिटांत माणूस निकालात.

निवृत्त झाल्यावर त्याच्याबद्दल सवडीने वाचलं, तेव्हा कळलं की आपण काय करून बसलो होतो.

उत्तर फ्रान्समधल्या पिकार्डी भागातलं बाझँतँ हे त्याचं गाव, जन्म १७४४ चा. घराणं सरदारांचं, पण ते नावापुरतंच. हा अकरावं अपत्य. त्याला पाद्री करायचं ठरलं होतं. वडील गेले तसा पठ्ठ्याने घोडा घेतला आणि जर्मनीत लढणारं फ्रेंच सैन्य गाठलं. १७६१ च्या लढाईत तुकडीचे अधिकारी पडले, तरी हा सोळा वर्षांचा पोरगा हुकूम येईपर्यंत जागचा हलला नाही. तिथेच त्याला अधिकारी केलं. पुढे शांततेच्या काळात एका सोबत्याने मस्करीत त्याला डोकं धरून उचललं. मानेला असं काही झालं की शस्त्रक्रिया करावी लागली आणि फौज सुटली. लढाईत ओरखडा नाही, मस्करीत मान गेली! मग तुटपुंजी पेन्शन, बँकेत कारकुनी, थोडं वैद्यकाचं शिक्षण आणि शेवटी वनस्पती. १७७८ मध्ये फ्रान्समधल्या वनस्पतींवर त्याचे तीन खंड आले, तेही लॅटिनमध्ये नाही, फ्रेंचमध्ये. प्रत्येक पायरीवर दोनच पर्याय, हे किंवा ते, असं करत करत झाडाच्या नावापर्यंत पोचायचं. आमची पोरं सहलीला हीच पद्धत वापरतात आणि ती रुळवली कोणी हे त्यांना माहीत नसतं. शेवग्याच्या नावापुढेही लॅम. आहे बरं का. सांबारातल्या शेंगेपर्यंत हा माणूस आपल्या घरात आहे.

आता खरी गोष्ट. १७९३. राज्यक्रांती ऐन भरात आणि पॅरिसच्या राजाच्या बागेचं राष्ट्रीय संग्रहालय झालं. बारा प्राध्यापकांच्या जागा निघाल्या. वनस्पतींच्या जागा दुसऱ्यांकडे गेल्या. सस्तन प्राणी आणि पक्षी एकवीस वर्षांच्या जोफ्रुआला मिळाले. आणि पन्नाशीला टेकलेल्या या वनस्पतीवाल्याला काय? कीटक, कृमी आणि सूक्ष्म जीव. म्हणजे कोणालाच नको असलेली अडगळीची खोली.

ती खरोखरच अडगळ होती. प्राणी-वनस्पतींचं वर्गीकरण करणाऱ्या स्वीडिश लिनियसने प्राण्यांचे सहा वर्ग केले होते. चार कण्याच्या प्राण्यांचे, पाचवा कीटकांचा, आणि जे कुठेच बसत नाही ते सगळं सहाव्यात, 'कृमी' म्हणून. गांडूळ, गोगलगाय, कालव, प्रवाळ, जेलीफिश एका पोत्यात. कीटकांतही तोच गोंधळ. कोळी कीटक आणि चिंबोरीही कीटक! आपल्याकडची कोणतीही कोळीण यावर हसली असती. लॅमार्क बसला आणि एकेक उचलून वेगळं करत गेला. चिंबोरीसारखे कवचधारी वेगळे काढले, कोळ्यासारखे अष्टपाद वेगळे काढले, वलयांकित प्राण्यांचा स्वतंत्र वर्ग केला. 'अपृष्ठवंशी' या शब्दामागची कल्पनाच त्याची. १८०१ च्या त्याच्या पुस्तकाचं नावच 'पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांची व्यवस्था' अशा अर्थाचं आहे. 'बायोलॉजी' हा शब्द १८०२ मध्ये ज्या मोजक्या लोकांनी आपापल्या परीने वापरात आणला, त्यांतला एक तो. म्हणजे मी ज्या विषयाचा पगार घेतला त्याच्या नावातही त्याचा वाटा.

शिंपल्यांचा त्याला फार नाद. पॅरिसभोवतीच्या खडकांतले जीवाश्म शिंपले आणि जिवंत शिंपले शेजारी शेजारी मांडले की काही जुळायचे, काही जवळपास जुळायचे. न जुळणारे गेले कुठे? त्याच संग्रहालयातल्या कुव्हिए या प्राणिशास्त्रज्ञाचं म्हणणं, प्रलयांत नष्ट झाले. लॅमार्कचं म्हणणं, नष्ट कशाला होतील, बदलले. मे १८०० मधल्या व्याख्यानात तो हे उघड बोलला, डार्विनच्या जन्माआधी नऊ वर्षं. मग वादात कुव्हिएने इजिप्तहून आलेल्या पक्ष्यांच्या ममी काढल्या. बघा, दोन-तीन हजार वर्षांपूर्वीचा शराटी आजच्यासारखाच आहे! लॅमार्कचं उत्तर मला फार आवडतं. इजिप्तचं हवामान तरी कुठे बदललंय, मग पक्षी कशाला बदलेल? आणि दोन-तीन हजार वर्षं म्हणजे पृथ्वीच्या हिशेबात काहीच नाही.

आणि जिराफ? १८०९ च्या ग्रंथात तो एका परिच्छेदापुरता येतो. कोरड्या मुलखात झाडाचा पाला ओरबाडायची सवय लागली, म्हणून पुढचे पाय आणि मान लांबली, इतकंच. तीन जिराफांचं चित्र त्यात नाही, ते नंतरच्या पाठ्यपुस्तकवाल्यांचं. कान टोचण्याचा माझा विनोदही त्याला लागू नाही. बाहेरून केलेली जखम वारशाने जाते असा त्याचा सिद्धांतच नव्हता, तो बोलत होता सवयीबद्दल. जर्मन जीवशास्त्रज्ञ वाइसमानने शेकडो उंदरांच्या शेपट्या कापल्या आणि पिल्लं शेपटीसकटच जन्मली, तेव्हाही ही गल्लत होतीच. आणि वापराने अवयव वाढतो आणि ते पुढच्या पिढीत जातं, हे डार्विनही मानत होता. सगळ्या सांगाड्याच्या मानाने पाळीव बदकाच्या पंखाची हाडं रानबदकापेक्षा हलकी आणि पायाची जड, हे त्याने वजन करून आपल्या पुस्तकात घातलंय. त्याच्यावर मी कधी फुली मारली नाही.

लॅमार्कला देव्हाऱ्यात बसवायचं नाहीये. सवयीने झालेला बदल पुढच्या पिढीत जातो, ही त्याची कल्पना चुकलीच. लाव्हाझिएचं नवं रसायनशास्त्र त्याने शेवटपर्यंत मानलं नाही, अगदी हट्टीपणाने. वर्षानुवर्षं हवामानाचे अंदाज छापले, पंचांगासारखे, आणि हसं करून घेतलं. त्याच पंचांगाने त्याचा घात केला. अरागो या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय की १८०९ मध्ये तो नेपोलियनला नवा ग्रंथ द्यायला गेला. नेपोलियनला वाटलं, आणलं परत हवामानाचं! तुमच्या पिकल्या केसांकडे बघून घेतो, अशा अर्थाचं काहीतरी म्हणून त्याने पुस्तक बाजूच्या माणसाकडे दिलं. हा म्हातारा म्हणू बघत होता की हे प्राण्यांवरचं आहे. जमलं नाही, रडू फुटलं.

पुढे दृष्टी गेली. अपृष्ठवंशी प्राण्यांवरचे सात खंड १८१५ ते १८२२ मध्ये आले, त्यातल्या शेवटच्यांच्या वेळी तो आंधळा होता. तो सांगायचा, मुलगी लिहायची. डिसेंबर १८२९ मध्ये गेला. थडग्याची जागा भाड्याची, मुदत संपल्यावर हाडं काढून टाकली, आज थडगं दाखवता येत नाही. कुव्हिएने लिहिलेला मृत्युलेख तर श्रद्धांजली कमी आणि टिंगल जास्त. तो १८३२ मध्ये अकादमीत वाचला गेला तेव्हा खुद्द कुव्हिएही वारला होता. माझा वर्गातला हशा कुठून सुरू झाला हे तो लेख वाचून कळलं.

त्याची एक मुलगी, कॉर्नेली, पुढे त्याच संग्रहालयात बापाच्या माघारी काम करताना एका शास्त्रज्ञाने पाहिली होती. वाळलेल्या वनस्पती कागदावर चिकटवायचं काम, मोजक्या पैशांवर.