जूनच्या मसाई मारा टूरला दोन स्टार, त्यावर आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू दोनदा वाचला. वाईट वाटलं, पण तुमचं म्हणणं खोटं नाहीये. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात केनियातल्या मसाई मारात कमरेएवढं गवत, सिंहाचे नुसते कान दिसले, ड्रायव्हर गाडी गवतात घालेना आणि गाइड अर्धा तास गवतावरच बोलत बसला, असं तुम्ही लिहिलंय.

आधी आमची चूक. जाहिरातीत विल्डबीस्टच्या, म्हणजे गायीसारख्या दिसणाऱ्या आफ्रिकन हरणांच्या कळपांचा फोटो होता तो ऑगस्टमधला. जूनमध्ये ते १० लाखांच्या वर विल्डबीस्ट बहुतेक अजून टांझानियात, सेरेंगेटीतच असतात, हे बुकिंगच्या वेळी सांगायला हवं होतं, आम्ही नाही सांगितलं. मनापासून सॉरी. तो फोटो काढून टाकलाय, आता जूनच्या टूरला गवताचाच फोटो आहे.

ड्रायव्हरला मात्र दोष देऊ नका, रिझर्व्हमध्ये रस्ता सोडून गाडी घालायला बंदी आहे.

आणि गवताचं म्हणाल तर, "एवढं वाढलंय, कापत का नाहीत" हे तुमच्या आईंनीच विचारलं होतं ना, गाइड त्याचंच उत्तर देत होता. ते तांबूस गवत म्हणजे थेमेडा, तिकडे रेड ओट ग्रास म्हणतात, दरवर्षी त्याच ठोंबातून परत फुटतं. मार्च ते मेच्या पावसात ते वाढतं आणि साधारण जुलैपासून कळप येतात ते ह्याच चाऱ्यावर, आधी झेब्रे वरचे जाड दांडे खातात, मग विल्डबीस्ट खालचा पाला, आणि मागून छोटी हरणं कोवळे कोंब. कापणारे हेच. वर्षानुवर्षं कोणी चरलंच नाही, आगही लागली नाही तर जुन्या पात्यांच्या सावलीत ठोंब गुदमरून मरतो, आणि गुरं सारखी तिथेच चरत राहिली तरी तो संपतो. मी १२ वर्षं तिकडे जातोय, हे गवत उभं दिसलं की मला खरंच बरं वाटतं.

मोज्यात कुसळं भरली त्याबद्दलही लिहिलंत. त्यातलंच एक कॅम्पवर गाइडने तुमच्या मुलीच्या तळहातावर ठेवून पाण्याचा थेंब टाकला, तेव्हा पीळ उलगडत ते गरागरा फिरायला लागलं आणि ती केवढ्याने ओरडली! पावसात भिजलं की असंच फिरत ते बी मातीत घुसवतं. तो वेळ वाया गेला असं मला नाही वाटत सर.

पुढच्या वर्षी ऑगस्टच्या बॅचला या, विमान, राहणं आणि पार्क फी तुमची, आमचा चार्ज एक रुपया घेणार नाही. ऑफिसला फोन करा, मी स्वतः बोलतो. आईंना नमस्कार सांगा.