‘मनाच्या गोळ्या केव्हाही घेतल्या तरी चालतात’ हे खरे नाही

मानसिक आजारावर रोज औषध घेणाऱ्यांसाठी एक सल्ला सध्या सारखा पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा: मनाच्या सगळ्या गोळ्या मुळात झोपेच्याच असतात, म्हणून त्या रात्री एकदमच घेऊन टाकाव्यात, चोवीस तासांत गोळी एकदा पोटात गेली की झाले, तेव्हा वेळ आपल्या सोयीने बदलावी, डॉक्टरांना विचारत बसू नये, आणि एखादा डोस राहिलाच, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊन तो भरून काढावा. हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसावा. सकाळच्या गोळीने दिवसभर पेंग येत असेल, किंवा चारचौघांत गोळी काढण्याचा संकोच वाटत असेल, तर असे काही ऐकून हायसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु माझ्या थोरल्या भावाची औषधे मी गेली बारा वर्षे सांभाळत आलो आहे आणि यातले एकेक वाक्य कसे भोवू शकते हे मी जवळून पाहिले आहे.

सगळ्या गोळ्या झोपेच्या असतात, हे तर सरळच चुकीचे आहे. क्वेटियापिन, ओलान्झापिन किंवा मिर्टाझापिनने झोप येते आणि म्हणून ती बहुधा रात्री दिली जातात, इतके खरे. पण ब्युप्रोपिऑन किंवा मिथाइलफेनिडेट दिवसा उशिरा घेतले तर रात्रीची झोप उडते, फ्लुओक्सेटिन बहुतेकांना सकाळीच लिहून दिलेले असते आणि अ‍ॅरिपिप्राझोलने काहींना अशी अस्वस्थता येते की एका जागी बसवत नाही. लुरासिडोनची गोष्ट आणखी वेगळी आहे. ते किमान ३५० कॅलरींच्या जेवणासोबत घ्यायचे असते, कारण रिकाम्या पोटी त्याचे शोषण सुमारे निम्म्यावर येते. जेवणानंतर चार-पाच तासांनी, अंथरुणावर पडताना, इतर गोळ्यांच्या जोडीने ते घेतले तर कागदावरचा डोस तोच राहतो, शरीराला मात्र त्याहून पुष्कळ कमी मिळतो. पुढे आजाराने पुन्हा डोके वर काढले की ‘औषध लागू पडत नाही’ असे म्हटले जाते.

चोवीस तासांत केव्हाही घ्या, या विधानाचा समाचार मात्र सविस्तर घ्यायला हवा, कारण त्यात अर्धे सत्य आहे. सर्ट्रालीन किंवा एस्सिटालोप्रामसारखी औषधे सकाळी घेतली काय किंवा संध्याकाळी घेतली काय, नैराश्यावरील गुणात फरक पडत नाही. चूक आहे ती ‘रोज एक वेळ ठरवणे’ आणि ‘ठरलेली वेळ हलवणे’ या दोन गोष्टी एकच मानण्यात. रात्री ९ची गोळी सकाळी ९वर एका फटक्यात आणायची तर दोनच वाटा उरतात: एक तर दोन डोस १२ तासांच्या अंतराने पोटात जातात, नाही तर मध्ये ३६ तासांची पोकळी पडते. यातली कोणती वाट निभावेल, हे औषधाचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला किती वेळ लागतो यावर ठरते. फ्लुओक्सेटिनला त्यासाठी काही दिवस लागतात, त्यामुळे ३६ तासांचा खंड त्याच्या बाबतीत जाणवतही नाही. व्हेन्लाफॅक्सिनचे प्रमाण सुमारे ५ तासांत आणि त्यापासून शरीरात तयार होणाऱ्या क्रियाशील घटकाचे सुमारे ११ तासांत निम्मे होते, म्हणून तेवढ्याच खंडात चक्कर, मळमळ आणि डोक्यातून वीज सळसळत गेल्याचा भास सुरू होऊ शकतो. रुग्ण ते आजारच परतल्याचे लक्षण समजतो आणि धास्तावतो.

आमच्या घरी हे लिथियमच्या, म्हणजे उन्माद आवरणाऱ्या औषधाच्या, निमित्ताने घडले. झोपण्यापूर्वी गोळी विसरते म्हणून भावाने आपल्या मनानेच ती सकाळी घ्यायला सुरुवात केली आणि मला सांगितले नाही. त्याच आठवड्यात ठरलेली रक्ततपासणी होती. सकाळी ७ वाजता गोळी घेऊन त्याने ९ वाजता रक्त दिले. रक्तातील लिथियमचा एरवी ०.७च्या आसपास येणारा आकडा त्या दिवशी १.३ आला. लिथियमची पातळी शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी मोजायची असते आणि औषधाची मर्यादाही तेवढ्याच हिशेबाने ठरवलेली असते. डॉक्टरांनी अहवाल पाहून पहिला प्रश्न विचारला, तो हाच: ‘शेवटची गोळी किती वाजता घेतली होती?’ तो प्रश्न विचारला गेला नसता, तर फुगलेल्या आकड्यावर विसंबून बरोबर चाललेला डोस कमी केला गेला असता. त्यातून काय होऊ शकले असते, हे उन्मादाचा झटका घरात पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

राहिलेला डोस दुप्पट घेऊन भरून काढण्याचा सल्ला या सगळ्यांत घातक आहे आणि तो पुढे पाठवणाऱ्यांनी कृपा करून थांबवावा. ब्युप्रोपिऑनमुळे फिट येण्याचा धोका डोसबरोबर वाढत जातो. लिथियमच्या बाबतीत गुणकारी आणि विषारी प्रमाणांत फारसे अंतर नसते. सर्वसाधारण रीत अशी की चुकलेली गोळी लवकर आठवली तर घ्यावी, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्यावी, दोन मात्र एकदम घेऊ नयेत. क्लोझापिनला तर हीसुद्धा रीत पुरत नाही. त्यात ४८ तासांहून अधिक खंड पडला तर जुना डोसही थेट सुरू करता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत न्यावे लागते, कारण दरम्यान शरीराची सवय मोडलेली असते आणि रक्तदाब एकदम कोसळू शकतो.

वेळ अडचणीची असेल तर ती बदलून मागण्यात गैर काहीच नाही, आणि पेंग येते, गोळी विसरते, कामाची पाळी बदलली, यांपैकी कोणतेही कारण डॉक्टरांना सांगण्याजोगे आहे. भावाचे कारण ऐकल्यावर डॉक्टरांनी गोळी सकाळी आणली नाही. झोपेच्या वेळेवरून ती रात्रीच्या जेवणापाशी आणली, कारण जेवण तो कधी विसरत नाही. आता तो ८ वाजता गोळी घेतो, आणि तपासणीच्या दिवशी सकाळी ८ वाजता रक्त देतो.